औषध थांबवायचे कोणी?

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील कोणत्याही गावी गेले, तरी साठी ओलांडलेल्या माणसाच्या उशाशी औषधांची एक पिशवी हमखास आढळते. तिच्यात रक्तदाबाची गोळी असते, साखरेची असते, ‘गॅस’ची असते, गुडघ्यांसाठी एक आणि झोपेसाठी एक असते; शिवाय शक्तीसाठी म्हणून दिलेली दोन पाकिटे, आणि कशासाठी दिली हे आता कोणालाच आठवत नाही अशी एखादी. यांपैकी काही औषधे कराडच्या डॉक्टरांनी लिहिलेली, काही मिरजेच्या तज्ज्ञांनी, काही गावातल्या दवाखान्यात मिळालेली आणि एखाददुसरे शेजाऱ्याला गुण आला म्हणून दुकानातून परस्पर आणलेले. लिहिणाऱ्या प्रत्येकाने आपल्यापुढचा विकार पाहून आपापल्या परीने विचार केलेला असतो. परंतु सगळी पिशवी एकाच वेळी, एकाच टेबलावर ओतून, यातले कोणते आज लागते आणि कोणते लागत नाही, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो विचारण्याची जबाबदारीच सध्याच्या व्यवस्थेत कोणावर सोपविलेली नाही, आणि त्याची किंमत वृद्धांना शरीराने व त्यांच्या कुटुंबांना पैशाने मोजावी लागत आहे.

पूर्वीची माणसे सुंठ-ओव्यावर ठणठणीत राहत होती, असल्या गोड समजुतीला येथे थारा देण्याचे कारण नाही. पूर्वीची माणसे फार लवकर मरत होती. रक्तदाब आणि मधुमेह यांवरील औषधांनी असंख्य लोकांचे अर्धांगवायू आणि हृदयविकार टळले आहेत. तक्रार औषधांविरुद्ध नाही. एकदा सुरू झालेले औषध पुन्हा कधीच तपासले जात नाही, याविरुद्ध ती आहे.

मागे उरलेली पिढी

या दोन जिल्ह्यांत हा प्रश्न विशेष टोचावा याला एक सामाजिक कारण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षांवरील लोकांचे प्रमाण सुमारे दहा टक्के होते. सातारा जिल्ह्यात ते त्याहून अधिक होते. पाटण, जावळी, कोरेगाव या तालुक्यांतील पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि बाजारपेठांत राबल्या. १९६९ च्या माथाडी कायद्यामागे ज्यांचे नेतृत्व उभे राहिले ते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. सांगलीच्या खानापूर-आटपाडी भागातील गलाईवाले सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायानिमित्त देशभर पांगले. मुले बाहेर गेली, आईबाप गावी राहिले. १९८२ च्या गिरणी संपानंतर जे तरुण कामगार गावाकडे परतले, तेही आज साठीपलीकडे गेलेले आहेत.

पूर्वी मनिऑर्डर येई, आता पैसे फोनवरून येतात. मुलगा दिवाळीला किंवा गावच्या यात्रेला येतो, वडील खंगलेले पाहून अस्वस्थ होतो, आणि ‘एकदाच काय ते सगळे तपासून घेऊ’ म्हणून त्यांना गाडीत घालून मिरजेला नेतो. तेथे तपासण्या होतात, नवी चिठ्ठी मिळते, तीन महिन्यांची औषधे एकदम घेतली जातात आणि मुलगा निघून जातो. जुन्या चिठ्ठीतील औषधे बंद करावयाची की चालू ठेवावयाची, हे त्या धांदलीत विचारावयाचे राहून जाते. म्हातारा दोन्ही घेत राहतो. नावे निराळी असल्यामुळे दोन्ही पाकिटांत तेच औषध आहे, हे त्याला कळावयाचे कसे? औषधे कंपन्यांच्या नावांऐवजी मूळ नावांनी विकली जावीत, अशी शिफारस जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७५ सालीच केली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने डॉक्टरांना मूळ नावे लिहिण्याची सक्ती करणारे विनियम काढले आणि त्याच महिन्यात ते स्थगितही केले. अठ्ठेचाळीस वर्षांचा हिशेब एवढाच.

साखळी

वय वाढते तसे मूत्रपिंडाचे काम मंदावते, शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते, चरबीचे वाढते. त्यामुळे अनेक औषधे रक्तात अधिक काळ रेंगाळतात. चाळिशीत सोसलेली मात्रा पंच्याहत्तरीत जड होऊ शकते. याहूनही घातक प्रकार असा की, एका औषधाचा दुष्परिणाम हा नवा रोग समजला जाऊन त्यावर दुसरे औषध सुरू होते.

समजा, सत्तरीतील एका शेतकऱ्याचे गुडघे दुखतात. गावातील डॉक्टर डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी देतात. तिच्याने पोटात जळजळते म्हणून आम्ल कमी करणारी गोळी जोडली जाते. वेदनाशामकामुळे अंगात मीठ-पाणी साठून रक्तदाब वाढतो. तालुक्याच्या डॉक्टरांना दिसतो तो केवळ वाढलेला रक्तदाब, म्हणून ते अ‍ॅम्लोडिपिन सुरू करतात. अ‍ॅम्लोडिपिनने काही जणांच्या घोट्यांवर सूज येते. ती सूज पाहून तिसरे डॉक्टर लघवी वाढविणारी गोळी देतात. आता रात्री तीन वेळा उठावे लागते, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, चक्कर वाटते; तेव्हा चकरेसाठी सिनारिझीन किंवा प्रोक्लोरपेराझीन दिले जाते. ही औषधे थोडे दिवस घ्यावयाची असतात. ती महिनोन्‌महिने चालू राहिली, तर वृद्ध माणसाचे हात थरथरू लागतात, चाल मंदावते, चेहरा निर्विकार होतो. मग कंपवाताची शंका येते आणि पिशवीत सहावे औषध पडते.

हा शेतकरी कल्पित आहे. साखळीतील प्रत्येक कडी मात्र वैद्यकशास्त्राच्या परिचयाची आहे. पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ या संशोधकांनी १९९० च्या दशकात या प्रकाराला टप्प्याटप्प्याने कोसळणाऱ्या धबधब्याची उपमा दिली. या गोष्टीत कोणीही डॉक्टर अडाणी नाही, लोभी नाही. प्रत्येकाने आपल्यासमोरच्या लक्षणाला योग्य तेच उत्तर दिले आहे. चूक कोठे असेल तर ती दोन डॉक्टरांच्या मधल्या मोकळ्या जागेत आहे, आणि त्या जागेवर कोणाचे नाव लिहिलेले नाही.

कोणती औषधे वृद्धांना देताना सावध राहावे याच्या याद्या उपलब्ध नाहीत असेही नाही. अमेरिकेत मार्क बीअर्स यांनी १९९१ साली अशी पहिली यादी तयार केली. ती वेळोवेळी सुधारली जाते, २०२३ सालीही सुधारली गेली. आयर्लंडमधील वैद्यांनी २००८ साली एक जोडयादी प्रसिद्ध केली. काय थांबवावे हे तिच्या एका भागात आहे, आणि हवे असूनही दिले गेले नाही असे काय सुरू करावे हे दुसऱ्या भागात. ज्ञानही स्थिर राहत नाही. हृदयविकाराचा इतिहास नसलेल्या निरोगी वृद्धांनी प्रतिबंध म्हणून रोज अ‍ॅस्पिरिन घ्यावे काय, याची ऑस्ट्रेलिया व अमेरिकेतील सुमारे १९,००० लोकांवर घेतलेली चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. लाभ दिसला नाही, रक्तस्राव मात्र वाढलेला दिसला. (ज्यांना झटका येऊन गेला आहे किंवा ज्यांच्या रक्तवाहिनीत ‘स्टेंट’ बसविला आहे, त्यांची गोष्ट निराळी, त्यांनी या वाक्यावर विसंबून काहीही बंद करू नये.) २०१५ साली लिहिलेली अ‍ॅस्पिरिनची चिठ्ठी या नव्या माहितीनंतर आपोआप बदलत नाही. ती प्लास्टिकच्या पिशवीत तशीच राहते, आणि दुकानदार ती पाहून औषध देत राहतो.

थांबविण्याला बाजार नाही

येथवर हा प्रश्न वैद्यकाचा वाटतो. वस्तुतः त्याचे मूळ अर्थशास्त्रात आहे. केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ साली वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्रावर लिहिलेल्या निबंधात दाखवून दिले की, ही सेवा इतर वस्तूंसारखी विकत घेता येत नाही. कारण ग्राहकाला आपणास काय हवे याचे ज्ञान नसते, ते विक्रेत्याकडेच असते. भारतातील वृद्धांच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. औषध निवडतो डॉक्टर, गिळतात आईवडील, पैसे देतो मुंबईचा मुलगा. निवडणारा पैसे देत नाही, पैसे देणारा घेत नाही, आणि घेणाऱ्याला विचारले जात नाही. अशा व्यवहारात काटकसरीची प्रेरणा यावी कोठून?

औषध सुरू केल्याने कोणाकोणाचे अर्थकारण चालते हे पाहण्यासारखे आहे. डॉक्टरांना शुल्क मिळते, दुकानदाराला नफा मिळतो, कंपनीचा खप वाढतो, आणि रोग्याला आपली दखल घेतली गेल्याचे समाधान मिळते. औषध थांबविल्याने यांपैकी कोणालाही काही मिळत नाही. उलट डॉक्टरांचा अर्धा तास खर्ची पडतो, दुकानदाराचा नफा घटतो, रोगी नाराज होतो. आणि पुढे काही बरेवाईट झाले तर ‘त्यांनीच गोळी बंद केली होती’ हा ठपका कायमचा लागतो. चालू ठेवलेल्या औषधाने माणूस पडला, तर त्याचा दोष वयाला दिला जातो; थांबविलेल्या औषधानंतर पडला, तर डॉक्टरांना. ज्या कामात मोबदला शून्य आणि जोखीम पुरी, ते काम खुल्या बाजारात कोणी आपणहून करील ही अपेक्षाच चुकीची आहे. त्यासाठी कोणाला दोष देण्याने काही साधत नाही. औषध कंपन्यांनी डॉक्टरांना भेटी व सहली देऊ नयेत अशी आचारसंहिता केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये जारी केली. तिचे स्वागत करावे. पण उद्या सगळे डॉक्टर व सगळ्या कंपन्या साधुसंतांसारख्या वागू लागल्या, तरी थांबविण्याचे काम करणारा माणूस निर्माण होणार नाही.

सातारा जिल्ह्याला तर या प्रश्नाची ओळख फार जुनी आहे. ‘फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’ या संस्थेच्या वतीने डॉ. अनंत फडके व त्यांच्या सहकाऱ्यांनी या जिल्ह्यातील औषधांचा पुरवठा आणि वापर यांचा तपशीलवार अभ्यास केला. तो १९९० च्या दशकाच्या मध्यास प्रसिद्ध झाला, आणि त्यावर आधारलेले डॉ. फडके यांचे इंग्रजी पुस्तक १९९८ साली निघाले. एकीकडे सरकारी केंद्रांत आवश्यक औषधांची चणचण, दुसरीकडे खासगी चिठ्ठ्यांवर अनावश्यक औषधे, इंजेक्शने आणि अशास्त्रीय मिश्रणे यांवर होणारा मोठा खर्च, असे ते दुहेरी चित्र होते. त्यानंतर सरकारने २०१६ साली ३४४, २०१८ साली ३२८ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ औषधमिश्रणांवर बंदी घातली. पहिली बंदी न्यायालयात अडकून तपासणीनंतरच दुसऱ्या आदेशाच्या रूपाने अमलात आली. बंदीने बाजारातील वाईट औषध जाते. प्रत्येकी चांगली, पण एकत्र नको असलेली आठ औषधे मात्र पिशवीत तशीच राहतात.

या खर्चाकडे जरा घरगुती नजरेने पाहावे. दिवसाला दहा रुपयांची एकच अनावश्यक गोळी धरली, तरी वर्षाला ३,६५० रुपये होतात. श्रावणबाळ योजनेत निराधार वृद्धाला महिन्याला १,५०० रुपये मिळतात; म्हणजे जवळजवळ अडीच महिन्यांचे निवृत्तिवेतन एका नको असलेल्या गोळीवर जाते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भार लोकांनी थेट आपल्या खिशातून उचलला, आणि या खिशातील खर्चात औषधांचा वाटा सर्वांत मोठा असतो. शिक्षक, कारकून यांच्या घरातही महिन्याच्या पहिल्या आठवड्यात किराण्याच्या यादीशेजारी औषधांची यादी असते. किराण्याच्या यादीवर घासाघीस होते, औषधांच्या यादीवर होत नाही.

जो चमू आहे त्यालाच हे काम

असे असता उपाय कोणता? अर्थशास्त्राचे उत्तर सोपे आहे: ज्या कामाला बाजार नाही, ते कोणाच्या तरी पगारी कर्तव्याचा भाग केले पाहिजे. आणि तसा पगारी माणूस, किंबहुना तसा चमू, साताऱ्यात तयार आहे.

नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालय, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि राज्य सरकारे यांनी उच्च रक्तदाबाच्या नियंत्रणासाठी एक उपक्रम पंचवीस जिल्ह्यांत आरंभिला. महाराष्ट्रातील चार जिल्हे त्यासाठी निवडले गेले: सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. ठरावीक व साधा औषधक्रम, औषधांचा अखंड पुरवठा, घराजवळ सेवा, नोंदींची व्यवस्था आणि डॉक्टरांवर सारे न टाकता चमूने वाटून घेतलेले काम, ही त्याची पाच अंगे. रक्तदाब परिचारिकेने मोजावा, औषध महिन्याच्या महिन्याला जवळच्या केंद्रात मिळावे, न येणाऱ्याला फोन करावा किंवा घरी जाऊन भेटावे, अशी ही रीत. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या पारितोषिकाने तिचा गौरव झाला. अर्थात त्या उपक्रमाचा हेतू औषध सुरू करणे व चालू ठेवणे हा होता, आणि तो आवश्यकच होता. पण ज्या हातांनी सुरू केले, त्याच हातांनी तपासून कमी करणेही शक्य आहे.

चमूने आरोग्याचे काम करण्याची कल्पना या भागाला परकी नाही. भोर समितीने १९४६ सालीच प्राथमिक आरोग्य केंद्राचा आराखडा मांडताना डॉक्टरांबरोबर परिचारिका, दाई, औषधनिर्माता यांची सांगड घातली होती. १८९४ साली विल्यम वानलेस यांनी जेथे रुग्णालय उभारले त्या मिरजेत, तेथील वैद्यकीय केंद्राने १९७० च्या दशकात तालुक्यासाठी एकात्मिक आरोग्यसेवेचा प्रकल्प चालविला होता. त्याच सुमारास जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. आज प्रत्येक गावात आशा आहे, उपकेंद्रात आरोग्यसेविका आणि समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी व औषधनिर्माण अधिकारी आहेत. यांतील शेवटचे पद फार उपेक्षित. औषधनिर्माण अधिकारी म्हणजे खिडकीतून गोळ्या मोजून देणारा व साठ्याची वही लिहिणारा, एवढीच त्याची ओळख उरली आहे. वस्तुतः दोन औषधांचे एकमेकांशी जमते की नाही, एकच औषध दोन नावांनी चालू आहे काय, हे ओळखण्याचे शिक्षण चमूत सर्वांत अधिक त्यालाच मिळालेले असते. औषध देताना रोग्याला सल्ला देणे हे फार्मसी कौन्सिलच्या २०१५ च्या विनियमांनुसार त्याचे कामच आहे.

कामाची वाटणी अवघड नाही. आशा स्वयंसेविकेने पाचांहून अधिक औषधे घेणाऱ्या वृद्धांची घरे हेरावीत आणि पिशवी, तीत असेल नसेल त्या सर्वांसह, चूर्ण-काढे व दुकानातून आणलेल्या गोळ्याही न वगळता, उपकेंद्रात घेऊन येण्यास सांगावे. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने प्रत्येक औषध मूळ नावाने लिहावे, कोणी, केव्हा, कशासाठी दिले हे विचारावे, आणि रक्तदाब बसून व उभे राहून असा दोनदा मोजावा. उभे राहताच तो घसरत असेल, तर चकरेचे कारण तेथेच सापडते. औषधनिर्माण अधिकाऱ्याने दुहेरी व विसंगत औषधांवर खूण करावी. निर्णय वैद्यकीय अधिकाऱ्याने घ्यावा, एका वेळी एकच औषध कमी करावे, आणि आठवड्याने व महिन्याने आशाने विचारपूस करावी. हा शेवटचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. कारण झोपेच्या गोळ्या, हृदयाची गती मंदावणारी औषधे, स्टेरॉइडे ही एकाएकी तोडली तर अपाय होतो, ती हळूहळूच उतरवावी लागतात. हे वाचून घरच्या घरी पिशवी रिकामी करण्याचा उत्साह कोणाला वाटला, तर तो घातक ठरेल.

अशा वाटणीला बाहेरच्या देशांतील पुरावा आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात औषधविक्रेत्यांनी वृद्ध ग्राहकांना समजेल अशी पत्रिका दिली व त्यांच्या डॉक्टरांना पत्राने शिफारस कळविली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत सहा महिन्यांनी ४३ टक्के लोकांचे अनुचित औषध थांबले होते. ज्यांना हे साहाय्य नव्हते त्यांच्यात हे प्रमाण १२ टक्के होते. इंग्लंडमध्ये २०२१ च्या सरकारी अहवालाने असा अंदाज दिला की, प्राथमिक सेवेतून दिली जाणारी सुमारे दहा टक्के औषधे अनावश्यक असतात, आणि पासष्टीवरील लोकांच्या दर पाच रुग्णालय-प्रवेशांपैकी एकाचे कारण औषधांचा दुष्परिणाम असते. ज्या देशात प्रत्येक नागरिकाचा एक ठरलेला कुटुंबवैद्य आहे तेथली ही स्थिती. जेथे रोगी चार गावच्या चार दवाखान्यांत विभागला गेला आहे, तेथली याहून बरी असेल असे मानण्यास आधार नाही.

आक्षेप

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की, ज्या प्रदेशात कित्येक वृद्धांना आपला रक्तदाब वाढला आहे हेच माहीत नसते, तेथे औषधे कमी करण्याची चर्चा म्हणजे श्रीमंतांचे दुखणे गरिबांना लावणे होय. आक्षेप वजनदार आहे. जतच्या दुष्काळी पट्ट्यातील मजूर बाईला हवी ती एक गोळी मिळत नाही आणि तालुक्याच्या पेन्शनरला नको त्या चार मिळतात, हे दोन्ही एकाच व्यवस्थेचे परिणाम आहेत. म्हणूनच आयर्लंडच्या जोडयादीसारखी, थांबविणे व सुरू करणे यांची तपासणी एकत्रच व्हावयास हवी. तसे न करता केवळ ‘औषध कपाती’चे उद्दिष्ट वरून लादले, तर खर्च वाचविण्यास उत्सुक असलेले खाते आधी गरजेच्या गोळ्यांनाच कात्री लावील, ही भीती निराधार नाही. आज समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या मोबदल्याचा एक भाग किती कामे केली यावर ठरतो. किती औषधे थांबविली हाही उद्या एक आकडा झाला, तर त्या आकड्याची शिकार सुरू होईल.

दुसरी अडचण अधिकाराची आहे. मिरजेच्या हृदयरोगतज्ज्ञाने लिहिलेली गोळी प्राथमिक केंद्रातील तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याने खोडावी, हे आपल्या श्रेणीबद्ध समाजात सहजी घडणारे नाही. रोगीही ते मान्य करणार नाही. येथे मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने (स्थापना १९६२) आणि साताऱ्यात अलीकडे सुरू झालेल्या शासकीय महाविद्यालयाने आधार देणे अगत्याचे आहे. आठवड्यातून एक दुपार एका प्राध्यापकाने फोनवर उपलब्ध राहावे, आणि मूळ डॉक्टरांना ‘आपली अमुक गोळी अमुक कारणास्तव थांबवीत आहोत, हरकत असल्यास कळवावे’ असे दोन ओळींचे पत्र जावे, एवढी तजवीज पुरेशी आहे. खासगी डॉक्टरांचा मान राखूनच हे काम होईल. त्यांना वगळून होणार नाही, कारण बहुतेक चिठ्ठ्या त्यांच्याच आहेत.

तिसरी अडचण कोणत्याही परिपत्रकात येत नाही. गावी एकट्या राहणाऱ्या म्हातारीला ती पिशवी म्हणजे केवळ औषधे नसतात. मुलाने आणून दिलेली, सुनेने फोनवर ‘घेतल्या का?’ म्हणून विचारलेली ती वस्तू असते. दिवसातून तीनदा कोणीतरी आपली काळजी घेते याचा तो पुरावा असतो. ‘आता ही गोळी नको’ या वाक्याचा अर्थ तिला ‘आता तुमच्यावर खर्च नको’ असा ऐकू येऊ शकतो. मुंबईच्या मुलालाही वडिलांची औषधे कमी झाली हे ऐकून अपराधी वाटते. त्यामुळे हे काम चिठ्ठीवर रेघ ओढून होत नाही; त्यासाठी बसून बोलावे लागते, आणि ते बोलणे गावातल्याच आशाताईकडून झाले तर अधिक पटते. मात्र आशांवर आधीच किती कामे लादली आहेत आणि त्यांच्या मानधनासाठी त्यांना वारंवार मोर्चे काढावे लागतात, हे विसरून त्यांच्या यादीत आणखी एक ओळ वाढविणे अन्यायाचे होईल. या घरभेटीचा मोबदला निराळा आणि वेळेवर मिळाला पाहिजे.

पैसा नाही, हे उत्तर येथे लागू पडत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे. झोपेच्या गोळीच्या अमलात पहाटे न्हाणीघरात घसरून खुब्याचे हाड मोडले, तर शस्त्रक्रियेचा खर्च सरकार देईल. ती गोळी लागते का, हे आधी तपासण्यासाठी लागणाऱ्या अर्ध्या तासाचे पैसे द्यावयास मात्र कोणतीही योजना नाही. या अर्ध्या तासाची तरतूद जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून एकेका तालुक्यापुरती करून पाहता येईल. साताऱ्यात पाटण आणि सांगलीत जत हे तालुके त्यासाठी योग्य, कारण तेथील आतल्या गावांतून कराड किंवा मिरज गाठून परत येण्यात अख्खा दिवस जातो. कराडच्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना याद्या करण्याच्या कामी जोडता येईल. त्यांनाही पाठ्यपुस्तकातील विसंगत औषधांच्या जोड्या खऱ्या पिशवीत दिसतील. वर्षअखेर मोजावयाच्या गोष्टी तीनच: किती औषधे थांबली, थांबविलेल्यांपैकी किती पुन्हा सुरू करावी लागली, आणि हवी असूनही कधीच मिळाली नव्हती अशी किती सुरू झाली.